पर्जन्यमापक पाड्यावरच्या माणसाच्या हाती द्या

मा. पालकमंत्री,
ठाणे जिल्हा

स.न.वि.वि.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरीची बरीच वर्षं शहापूर तालुक्यातल्या एका ठाकूर पाड्यावर गेली. आता ठाण्यात मुलाकडे असतो, पण पावसाची झड लागली की जीव तिकडेच ओढतो.

एका पावसाळ्यात तीन दिवस उघडीप नव्हती. चौथीतली मुलगी भिजत शाळेत आली, म्हणाली, "गुरुजी, झऱ्याला लाल पाणी आलंय." तो झरा भर आषाढातही नितळ असायचा. पाड्यावरचे एक म्हातारबाबा वर जाऊन बघून आले. "डोंगराचं पोट फुगलंय, आज रात घरात नका काढू," एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत वरच्या अंगाची सहा घरं पोराबाळांसकट शाळेत आली. पहाटे वरकसातली, म्हणजे डोंगरउतारावरच्या शेतातली, नागली मातीसकट घसरून त्यातल्या दोन घरांच्या भिंतींना टेकली. माणूस एकही दगावलं नाही.

बाहेरून सूचना आली नव्हती. पाड्यावर रेंज नव्हती, आणि रेड अलर्ट आला असता तरी तो अख्ख्या जिल्ह्याला असतो: भाईंदरच्या खाडीपासून माळशेज घाटापर्यंत एकच. कुठल्या उतारावर किती कोसळला, हे त्या उताराखाली राहणाऱ्यालाच कळतं.

पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडलं गेलं, तेव्हा गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. नवी मुंबईपासून एवढ्या जवळ असूनही मदतीला निघालेल्यांना अंधारात, चिखलातून डोंगर चढून जावं लागलं. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. यादी हवीच, पण तिच्यात नाव नसलेल्या पाड्यानं कुणाच्या भरवशावर झोपायचं?

म्हणून मागणी एकच आहे. डोंगरउतारावरच्या प्रत्येक पाड्यावर तिथलीच दोन माणसं नेमा, त्यांतली एक बाई असू द्या, कारण झऱ्यावर रोज तीच जाते. त्यांना पर्जन्यमापक द्या, वही द्या, आणि दरमहा मानधन द्या. आशाताई गावातली असते म्हणूनच रात्री-अपरात्री तिचं दार वाजवता येतं. हेही तसंच व्हावं. पाऊस मोजणं अवघड नाही. सरळ भिंतीच्या बाटलीला पट्टी चिकटवून आमची चौथीची पोरं तो मोजत. पाणी अचानक गढूळ होणं, जमिनीला भेग पडणं, झाड कलणं, दार चौकटीत अडकायला लागणं, या खुणा पाड्याला ठाऊक आहेत. नाही तो अधिकार. "आता घरं सोडा" असं त्या दोघांनी म्हटलं, तर ते सरकारी शब्दाइतकंच मानलं जावं. कुठं जायचं ती पक्की जागाही पावसाआधीच ठरलेली असावी.

प्रशिक्षण पाड्यावरच घ्या. तालुक्याला सभागृहात झालेल्या अशाच एका शिबिराला मी पाड्यावरचे चौघे घेऊन गेलो होतो. दोन दिवसांची मजुरी बुडाली, पडद्यावर कुठल्या तरी परक्या डोंगराचे फोटो दिसले, प्रमाणपत्रं मिळाली. त्यांना काय ठाऊक आहे, हे कुणी विचारलंच नाही. मला ते आजही लागतं.

तीच माणसं, तीच वही उन्हाळ्यातही कामी येईल. भातसा, तानसा, मोडकसागरचं पाणी याच तालुक्यातून मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये इथल्या बाया टँकरची वाट बघत विहिरीच्या काठावर बसतात. कुठला झरा कधी आटतो याची नोंद असेल, तर चर कुठं खणायचे आणि रोजगार हमीचं काम कुठं काढायचं, हे ग्रामसभा स्वतः सांगेल. शहापूर पेसा तालुका आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा इथं लागू आहे; आदिवासी विकासाच्या पैशातला ५ टक्के अबंध निधी, म्हणजे गावानं स्वतः ठरवून खर्चायचा पैसा, ग्रामसभांकडे येतो. पण मानधनाचा भार त्यावर टाकू नका. तो जिल्हा नियोजन समितीनं उचलावा. तिचे अध्यक्ष आपणच आहात.

समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पोरांनी लिहिलेल्या पावसाच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. बोलावलंत तर घेऊन येईन, आणि पाड्यावरच्या दोघांना सोबत आणीन.

आपला,
एक निवृत्त गुरुजी, ठाणे