पायथनच्या पहिल्या तासालाच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट शिकवावे

महोदय,

महाविद्यालयांत पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकवताना प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रकल्पापुरती वेगळी ठेवलेली पायथनची व पॅकेजांची (तयार कोडच्या संचांची) मांडणी, तयार करण्याची सवय पहिल्याच तासापासून लावावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मी शिकवतो त्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजची आवृत्ती बदलली आणि त्याच संगणकावरचा दुसऱ्या गटाचा प्रकल्प सादरीकरणाच्या तोंडावर बंद पडला. दोष त्या मुलाचा नव्हता, कारण त्याला हे कोणी सांगितलेच नव्हते.

यासाठी लागणारी ‘व्हेन्व’ ही सोय २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून पायथनसोबतच मिळते. अडते ते ऑपरेटिंग सिस्टिमनुसार बदलणाऱ्या तपशिलांवर. एन्व्हायर्नमेंट सक्रिय करणारी फाइल विंडोजवर ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये असते, तर लिनक्स व मॅकवर ‘बिन’मध्ये, शिवाय विंडोजवर आज्ञा टाइप करून देण्याच्या पॉवरशेल या साधनाच्या सुरक्षा धोरणामुळे ती अनेकदा चालत नाही आणि नवखा विद्यार्थी तिथेच नाद सोडतो. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर व्हेन्वचे पॅकेज बहुधा वेगळे बसवावे लागते. डेबियन १२ या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारात तर पिप या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने मूळ पायथनमध्ये थेट काही बसवू पाहिल्यास नकार मिळतो, कारण प्रणालीची स्वतःची काही साधने त्याच पायथनवर चालतात. हा नकार योग्यच आहे, पण तो डावलण्याच्या युक्त्या मुले एकमेकांना शिकवतात, याची मला खरी काळजी वाटते.

तयार एन्व्हायर्नमेंट पेनड्राइव्हवरून घरी नेऊनही चालत नाही, कारण त्यात मूळ संगणकावरच्या फोल्डरांचे पत्ते कोरलेले असतात. न्यावी ती पॅकेजांची यादी. प्रात्यक्षिकाच्या वहीत तिन्ही प्रणालींच्या कृती छापाव्यात.

– एक संगणकशास्त्र शिक्षक