एसीवर बर्फ दिसला की गॅसच का भरायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरच्या स्प्लिट एसीच्या कॉइलवर, म्हणजे आतल्या युनिटमधल्या थंड नळ्यांच्या जाळीवर, बर्फ जमला की ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ असे मेकॅनिकचे उत्तर ठरलेले असते. अनेक ग्राहक फिल्टर न काढताच पैसे मोजून मोकळे होतात. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कॉइल शून्य अंशाखाली गेली की हवेतली वाफ पाणी होऊन टपकण्याऐवजी तिथेच गोठते. असे होण्याची मुख्य कारणे दोन. एक तर कॉइलवरून पुरेशी हवा वाहत नाही, म्हणून आतल्या गॅसला उष्णता मिळत नाही. नाहीतर गॅस खरोखर गळून त्याचा दाब उतरलेला असतो. आधी हवेचा मार्ग तपासावा, कारण त्याला खर्च नाही. फिल्टर, त्यामागची कॉइल आणि खोलीत हवा फेकणाऱ्या ब्लोअरच्या पात्यांवर बसलेला चिकट थर, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. ब्लोअर बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पावसाळ्यात रात्रभर १६ अंश आणि पंखा सर्वांत मंद ठेवला, तर कॉइल थोडीशी मळलेली असली तरी बर्फ धरू शकते.

बर्फ कुठे आहे, यावरून बरेच कळते. सगळी कॉइल सारखी गोठली असेल आणि जाड पाइपवरही बर्फ असेल, तर संशय हवेवर घ्यावा. कॉइलचा एकच भाग गोठलेला, बाकीची कोरडी आणि आउटडोअर म्हणजे बाहेरच्या युनिटजवळच्या बारीक पाइपच्या व्हॉल्व्हवर पांढरा थर, ही गॅस कमी असल्याची खूण. तिसरी शक्यता कॉइलच्या सेन्सरची. कॉइल गोठू लागली की कंप्रेसर थांबवण्याचे काम त्याचे; सर्व्हिसिंगमध्ये तो जागेवरून निसटला तर ते होत नाही.

बर्फ दिसताच कूलिंग बंद करून एसी फक्त फॅन मोडवर ठेवावा. पूर्ण वितळायला एक ते तीन तास लागतात. पाणी ट्रेमध्ये मावत नाही, म्हणून खाली बादली ठेवावी. स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नये. नळी फुटली तर कॉइलच बदलावी लागते. तसाच एसी चालू ठेवणे त्याहून वाईट, कारण न उकळलेला द्रव गॅस कंप्रेसरमध्ये शिरून तो निकामी करू शकतो. मग एमसीबी बंद करून फिल्टर साध्या पाण्याने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी हवे.

स्वच्छ करूनही बर्फ आला, तर मेकॅनिकला गॅसचा दाब मोजणारे गेज लावायला सांगावे, पण बर्फ पूर्ण वितळल्यावरच. दाब आर-२२ या प्रकारच्या गॅसमध्ये साधारण ५८ पीएसआयखाली (पीएसआय हे दाबाचे एकक), किंवा आर-३२ आणि आर-४१०ए या प्रकारांत सुमारे १०० पीएसआयखाली गेला की गॅस शून्य अंशाखाली उकळू लागतो. मात्र घाणीमुळेही दाब उतरतो, आणि इन्व्हर्टर एसीत तो कंप्रेसरच्या वेगाप्रमाणे बदलतो. नुसत्या गेजवर निकाल देणे म्हणूनच योग्य नाही.

गळती ठरलीच, तर नायट्रोजनचा दाब देऊन पाइप जोडणारे फ्लेअर नट आणि सांधे साबणाच्या फेसाने तपासले पाहिजेत. दुरुस्तीनंतर नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे. गॅस सोडून हवा बाहेर ढकलण्याच्या पद्धतीत नळ्यांत ओलावा राहतो. शेवटी आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेला गॅसचा प्रकार आणि तेवढेच ग्रॅम काट्यावर मोजून भरावेत. आर-३२ पेट घेऊ शकतो आणि आर-२९० म्हणजे प्रोपेनच, तेव्हा एकाच्या जागी दुसरा गॅस चालत नाही.

गळती कुठे सापडली, कोणता गॅस आणि किती ग्रॅम भरला, या तीन नोंदी ग्राहकांनी बिलावर मागाव्यात आणि सेवा देणाऱ्यांनी न मागता द्याव्यात.

— एक वातानुकूलन तंत्रज्ञ, ठाणे