जिन्याचा दिवा आणि बिनतारी बटण

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली बिनतारी बटणे बसवून आज तीन आठवडे झाले. आपल्या माळवदाच्या घराची मातीची भिंत दीड हात जाड आहे, आणि तिला छिन्नी लावली की बोटभर खाचेऐवजी ओंजळभर माती खाली येते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. म्हणूनच जिन्याच्या दिव्याला वरच्या मजल्यावर दुसरे बटण देण्याचे काम इतकी वर्षे राहून गेले होते. वायरमनने आता बटणाचा संदेश घेऊन दिवा लावणारा-विझवणारा रिसीव्हर थेट दिव्यापाशी बसवला, कारण फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी तिथे आयत्याच मिळतात, आणि एकेक बटण खाली व वर चिकटवून टाकले. तिसरे आजीच्या खाटेच्या कठड्याला लावले आहे. एका रिसीव्हरला अनेक बटणे जोडता येतात, हे मला ठाऊक नव्हते.

या बटणात सेल नाही, हे मला प्रथम पटेना. दाबताच आतले लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यापाशी झटक्याने सरकते, त्यातून क्षणभर वीज निर्माण होते आणि तेवढ्यावरच रेडिओ संदेश जातो. त्यामुळे ‘टक्’ असा आवाज मोठा येतो; आजीला मात्र तो आवडतो, कारण दाबल्याची खात्री पटते.

अडचण एकच आली. रिसीव्हरला सतत वीज लागते, म्हणून भिंतीवरचे जुने बटण कायम चालू ठेवावे लागते. तुझ्या आईने सवयीने ते बंद केले आणि आम्ही दोन दिवस नव्या वस्तूला नावे ठेवत बसलो. आता त्यावर चिकटपट्टी लावली आहे. बिनतारी बटणाने दिवा विझवला तरी रिसीव्हरपर्यंतची वायर जिवंतच असते, म्हणून त्याला हात लावण्यापूर्वी मेन बंद करण्याची ताकीद सर्वांना दिली आहे.

तू सगळ्या घरालाच अशी बटणे लावू म्हणतोस, ते मात्र मला मान्य नाही. माजघरातील लाकडी पट्टीवरच्या वायरीचे रबर इतक्या उन्हाळ्यांत कडक होऊन तडकले आहे. बटण बिनतारी केल्याने दिव्यापर्यंतची तार नवी होत नाही, उलट भिंत फोडावी लागली नाही या समाधानात ती आणखी दहा वर्षे तशीच राहील. तिथे भिंतीवरून प्लास्टिकची केसिंग पट्टी टाकून नवी वायर ओढावी, अर्थिंग करून घ्यावे आणि मेनपाशी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा, असे मी ठरवले आहे. पट्टी दिसेल, दिसू दे. गिझरचा तर विचारच नको: 2 किलोवॉटचा गिझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर घेतो, आणि तुझ्या रिसीव्हरवर 5 अँपिअर छापलेले आहे.

गड्ड्याच्या यात्रेला येताना न्हाणीघराच्या बोळासाठी आणखी एक रिसीव्हर आण. वीज जाऊन परत आली की दिवा आपोआप न लागणारा घे. जिन्याचा दिवा असा मध्यरात्री लागतो आणि आजी उठून बसते.

तुझे,
बाबा