रात्रीचं सोलापूर, पण रविवार सोडून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या रविवार पुरवणीत रात्रीच्या सोलापूरवर आलेला लेख वाचला. फोटो झकास आहेत. दिव्यांच्या माळा, धूर निघणारा तवा, मोबाइल उंच धरून हसणारी पोरं-पोरी. फक्त हे फोटो कोणत्या वारी काढले ते खाली छापायचं राहून गेलं. माझी खात्री आहे, शनिवारचे असणार. रविवारी रात्री पावणेअकराला छायाचित्रकाराला बाहेर काढलं असतं, तर आपल्याला पानभर शटरं छापावी लागली असती.

हे मी ऐकीव सांगत नाही. लेख आला त्याच रात्री आम्ही दोन कुटुंबं पुरवणी गाडीत घेऊन जेवण शोधत फिरलो.

माझे साडू सहकुटुंब हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून आले. आज त्यांना अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं होतं. (गेलेत. म्हणून तर पत्र लिहायला सवड मिळाली.) ही गाडी पुण्याहून संध्याकाळी सहाला सुटते आणि दहाच्या सुमारास इथे येते. म्हणजे उतरणारा माणूस भुकेलाच असतो. एरवी घरी स्वयंपाक झाला असता. पण काल आमच्याकडे पाण्याचा वार. चार दिवस वाट पाहायला लावून पाणी आलं ते संध्याकाळी, तेही करंगळीएवढं. पिंप, घागरी, बादल्या आणि शेवटी कुकरसुद्धा भरून झाला, तोवर नऊ वाजले. यावर मी वेगळं पत्र लिहीन. आधीची आपण छापली नाहीत, तो भाग निराळा. तर सौ.ने आपली पुरवणी माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, गावात एवढं सगळं उघडं असताना मी आता कणीक कशाला भिजवू? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे.

स्टेशनवरून सात रस्त्यामार्गे थेट होटगी रोड गाठला. लेखात ज्या हॉटेलाचं भरभरून कौतुक होतं तिथे गेलो. नाव लिहीत नाही. त्यांनीही पोटासाठीच दुकान मांडलंय. आत चार टेबलांवर माणसं निवांत जेवत होती. दारातला पोरगा म्हणाला, "किचन बंद झालं मालक, भांडी घासूलालेत." मी म्हटलं, निदान जिरा राईस तरी द्या. तर म्हणे, "रविवार आहे की! दुपारीच सगळं संपतंय." पुढच्या ठिकाणी सांगितलं, वरून दहाचं आहे. वरून म्हणजे कुठून, ते काही त्याला सांगता आलं नाही. साडूंची मुलगी मागच्या सीटवरून मोबाइलचा नकाशा बघून नावं सांगत होती. मोबाइलवर हिरव्या अक्षरांत 'उघडे आहे' आणि दारावर कुलूप, असा प्रकार पुढे बराच वेळ चालला.

पार्क चौकात गाडे धुवून होत आले होते. एकाला आमची दया आली. त्याने पातेल्यावरचं झाकण काढून पावभाजीची उरलेली भाजी दाखवली, पण पाव संपले होते. विजापूर वेशीत मात्र तवा तापलेला होता आणि शिकांचा वास थेट गाडीत येत होता. पण उद्या दर्शन, म्हणून पाहुण्यांचं आज सामिष बंद. साडूंनी काच तेवढी खाली केली, जरा वेळ तशीच ठेवली, मग वर घेतली.

आणि याच वेळी साडू बोलले. संपादकसाहेब, ते भाड्याने टॅक्सी घेऊन फिरले असते तर मला काही वाटलं नसतं, पण गाडी माझी होती, पेट्रोल माझं होतं. ते म्हणाले, "पुण्यात दुकानं एक ते चार बंद म्हणून तुम्ही आम्हाला जन्मभर हसलात. आमची चारला उघडतात तरी. तुमची कधी उघडतात?" मागे तिघी हसल्या. त्यात सौ.सुद्धा होती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला मी या माणसाला 'एक ते चार'वरून छेडत आलो आहे. ते सगळं भांडवल काल रात्री आपल्या पुरवणीपायी बुडालं.

शेवटी घरी येऊन आम्ही कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि कांदा असं जेवलो. भाकरीची पाकिटं पाहुण्यांना जाताना बरोबर द्यायला आणलेली होती. मेहुणीबाई म्हणाल्या, फारच छान, असं पुण्यात मिळत नाही. त्या कौतुक करत होत्या की टोमणा मारत होत्या, यावर घरात अजून एकमत नाही.

आता कायद्याचं. दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने हॉटेलं रात्रभर चालवायची मुभा कधीच दिलेली आहे. तरीही बंद करायला लावतात अशा तक्रारी झाल्या, म्हणून सरकारने १ ऑक्टोबर २०२५ रोजी शासन निर्णय काढून पुन्हा स्पष्ट केलं की दारू विकणाऱ्या जागा सोडून बाकी सगळ्यांना चोवीस तास परवानगी आहे. फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एकदा सलग चोवीस तास सुटी द्या. हे आपल्याच अंकात वाचलं होतं. प्रत्यक्षात काल रात्री साडेअकराला आमच्या वाटेवर दिव्यांनी झगमगत होता तो एक परमिट रूम. कायद्याने ज्याला चोवीस तासांतून वगळलं, तोच उघडा. बाहेर 'फॅमिली सेक्शन' अशी पाटीही होती. मेहुणीबाईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली.

एका ओळखीच्या हॉटेलवाल्याला आज सकाळी फोन करून याचा जाब विचारला. तो चिडला नाही. म्हणाला, "काका, रविवारी रात्री माझं गिऱ्हाईक कुठं असतं ते एकदा एसटी स्टँडवर जाऊन बघा." खरं आहे त्याचं. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं नोकरीला पुण्यात. शुक्रवारी रात्री येतात, शनिवारी तुमच्या फोटोत दिसतात आणि रविवारी रात्री पाठीवर सॅक, हातात आईने दिलेला चटणीचा डबा घेऊन पुण्याची गाडी धरतात. वाढणारी पोरंही त्यातच गेली, असं तो म्हणाला. भांडी घासायला माणूस मिळत नाही, तर रात्री बारापर्यंत कोणाला उभं करू? या मुद्द्यावर लेखात एक ओळ नाही. वाचायला तेच आवडलं असतं.

पण मग येणाऱ्यांनी काय करायचं? मुंबईची वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, तीही रात्री साडेदहानंतरच टेकते. ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईचं विमानही आहे. प्रत्येक वेळी हारतुरे झाले, पेढे वाटले गेले. आलेला माणूस जेवणार कुठे, हे कोणी विचारलं नाही.

आणि रात्री जागणं ही या गावाला नवी गोष्ट आहे, असा जो लेखाचा सूर आहे तोही मला पटला नाही. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. रात्रपाळी सुटली की गेटाबाहेर भजी आणि चहा तयार असायचा, रविवार असो की सोमवार. तेव्हा त्याला नाईट लाईफ म्हणत नव्हते एवढंच. दिव्यांच्या माळा नव्हत्या, पण कढई तापलेली असायची.

स्टेशनबाहेरच्या रिक्षांबद्दल लिहिणार होतो. आम्ही पोचायच्या आत पाहुण्यांना चौकशीपुरता जो भाडेदर सांगण्यात आला, त्यात मी होटगी रोडला एक थाळी जेवलो असतो. अर्थात थाळी मिळाली असती तर. मीटर नावाची वस्तू बहुतेक फक्त पासिंगच्या दिवशी लावतात. पण जागा संपत आली.

माझं एवढंच म्हणणं आहे की असले लेख छापताना ठिकाणांच्या नावापुढे वार आणि वेळ द्या. शनिवार वेगळा, रविवार वेगळा. आणि लेखात त्या होटगी रोडच्या हॉटेलचा म्हणून जो फोन नंबर दिलाय, तो चुकलाय. तो गणवेश शिवून देणाऱ्या एका गृहस्थांचा आहे. रात्री अकरा वाजता "सात जणांचं टेबल मिळेल का" असं मी विचारल्यावर त्यांनी जे उत्तर दिलं, ते आपल्याला छापता येणार नाही. मी पहिला नव्हतो, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. निदान तेवढी दुरुस्ती उद्याच्या अंकात टाका, तो माणूस झोपू तरी शकेल.

आपला नियमित वाचक,
विजापूर रोड, सोलापूर