काका, रिपोर्ट माझ्याकडे फिरवलात, त्यासाठी

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. रेल्वेच्या डिझेल शेडच्या लॅबमध्ये उभी नोकरी काढलेले काका, एवढी ओळख पुरे.

अण्णा गेल्यापासून पिकअपचा धंदा मी पाहते. रावेर-सावद्याकडच्या बागांतून केळीचा माल उचलायचा, वखारीला नाहीतर रायपनिंग चेंबरला पोचवायचा. ऐन उन्हाळ्यात मोठी गाडी ऑइल प्यायला लागली. एका गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच निकाल दिला, "रिंगा गेल्या, इंजिन उतरवा." दुसऱ्याने सगळ्यात महागाचं सिंथेटिक ऑइल भरलं, हजारो रुपये घेतले, आणि ऑइल पिणं होतं तसंच राहिलं. पण पैशांपेक्षा त्या दोघांचं शेवटचं वाक्य मला अजून टोचतं: "ताई, घरातल्या कोणा माणसाला पाठवा, त्याला समजावून सांगतो." गाडीच्या कर्जावर सही माझी, डिझेलचा हिशेब माझा, ड्रायव्हरचा पगार मी देते. मग समजावून सांगायला दुसरा माणूस का लागावा?

जुनं ऑइल लॅबला तपासायला पाठव, असं एका पोकलेनवाल्या ओळखीच्याने सुचवलं. रिपोर्ट आला, नुसते आकडेच आकडे. सिलिकॉन आणि लोखंड लाल रंगात. तो घेऊन तिसऱ्याकडे गेले, तर त्याने वरवर पाहिल्यासारखं केलं आणि घडी घालून परत दिला.

आणि मग तुम्ही. चष्मा लावून दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचलीत, मध्ये एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, आता हेही निकाल सांगणार. तुम्ही कागद टेबलावर ठेवलात, मला सरळ दिसेल असा माझ्याकडे फिरवलात आणि खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिलीत. "खूण कर, मी सांगतो तशी." काका, एवढ्या महिन्यांत तो कागद माझ्या बाजूने पहिल्यांदा सरळ झाला होता.

तांबं आणि शिसं कमी, म्हणजे बेअरिंगं शाबूत. सोडियम-पोटॅशियम कमी, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये उतरत नाही. 100 अंशाला ऑइलचा दाटपणा 40 ग्रेडच्या हद्दीत, म्हणजे 12.5 ते 16.3 च्या मध्ये, तेव्हा डिझेल मिसळून ते पातळही झालेलं नाही. उरलं काय? सिलिकॉन. ते गॅस्केटला लावायच्या सीलंटमधून येऊ शकतं, नव्या ऑइलमध्ये फेस होऊ नये म्हणून थोडं घातलेलंही असतं, हे सांगून तुम्ही थांबलात. मग विचारलंत, "पण त्याच्यासोबत ॲल्युमिनियम, लोखंड आणि क्रोमियमही चढलंय. आते तूच सांग, माय, या चौघांना एकत्र कोण आणतं?"

मी म्हटलं, "माती." तुम्ही नुसती मान हलवलीत. आपल्या काळ्या जमिनीचा फुफाटा! मे महिन्यात शेतरस्त्याने गाडी गेली की मागचं काही दिसत नाही. सिलिकॉन त्यातलंच. तो सिलेंडरमध्ये शिरला की रिंगा आणि लायनर घासतो, पिस्टनही सोडत नाही, आणि त्यांचा धातू ऑइलमध्ये उतरतो.

एअर फिल्टर वरून चांगला दिसत होता. तुम्ही त्याच्या पुढचा, टर्बोकडे जाणारा पाइप काढायला लावलात, आत बोट फिरवलंत आणि बोट माझ्यापुढे धरलंत. पिठासारखी बारीक माती. जिथे गाळलेली हवा जायला हवी, तिथे. क्लिप ढिली होती आणि रबर खालच्या बाजूने चिरलं होतं. ऑइल कितीही भारी घातलं तरी वरून माती येतच राहणार, हे मला त्या बोटाने सांगितलं.

सिंथेटिकबद्दलही तुम्ही ना भलावण केलीत, ना नावं ठेवलीत. डब्यावरच्या 5डब्ल्यू ग्रेडमधला 5 थंडीत इंजिन सुरू होण्यासाठी. आपल्याकडे जानेवारीतही 15डब्ल्यूचं काही अडत नाही. सिंथेटिकचा खरा फायदा उष्णतेत, ते लवकर जळकट होत नाही, टर्बोला जपतं. पण आधी मॅन्युअलमधली ग्रेड आणि एपीआयचं (ऑइलच्या दर्जाचं) मानक बघायचं, बीएस6 गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचंच ऑइल, आणि किंमत सगळ्यात शेवटी. ऑइल महागाचं आहे म्हणून अंदाजाने बदलायची मुदत वाढवायची नाही, तपासून वाढवायची. आणि हेही स्पष्ट सांगितलंत की जी झीज झाली ती झाली, कुठलंही ऑइल ती भरून काढत नाही. खोटी आशा तुम्ही दिली नाहीत. म्हणूनच बाकी सगळ्यावर माझा विश्वास बसला.

पाइप आणि क्लिप नवे बसवले, ऑइल-फिल्टर बदलले. पुढच्या तपासणीत सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही खाली आले. ऑइल थोडं लागतं अजून, पण वाढलेलं नाही. इंजिन उतरवलं नाही. त्या पैशात ड्रायव्हरला दिवाळीला बोनस देता आला.

ज्याला काम येतं तो ते लपवून ठेवत नाही, असं अण्णा म्हणायचे. आपल्याकडे अशी माणसं आहेत काका, एसटीच्या डेपोत आहेत, जिनिंगमध्ये आहेत, शाळेत आहेत. ती कुणाच्या नजरेत येत नाहीत, कारण ती स्वतःची पाटी लावत नाहीत. तुम्ही पैसे घेतले नाहीत, आणि पेन्सिलही परत मागितली नाहीत.

आता छोट्या गाडीचा रिपोर्ट आला आहे. सिलिकॉन ठीक आहे, लोखंडही. सोडियम चढलेलं दिसतंय, पोटॅशियम मात्र जागेवरच आहे. काही ऑइलमध्ये सोडियम मुळातच घातलेलं असतं, असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून त्याच डब्यातल्या नव्या ऑइलचाही नमुना पाठवला आहे. दोन्ही कागद घेऊन रविवारी येते. सोबत वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी आणते, त्याला नाही म्हणू नका.

तुमची,
केळीच्या गाडीवाली ताई