जीपची बॉडी बदलताना टाकीच्या पाईपचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर मधूनमधून येतं ते आवडीने वाचतो, पण त्यात सगळं रंग, टायर आणि बंपर. आमच्या कोकणात खाऱ्या हवेने जुन्या महिंद्रा जीपचा पत्रा आधी सडतो, इंजिन-चेसिस मात्र ठणठणीत, मग लोक तयार बॉडी आणून बसवतात. आणि तिथेच घोळ होतो, नव्या बॉडीचं फिलरचं, म्हणजे पेट्रोल-डिझेल भरायचं, भोक आणि जुन्या टाकीचं तोंड बऱ्याचदा समोरासमोर येतच नाही.

मग गॅरेजवाला हाताशी असलेला रेडिएटरचा होज कापतो, दोन क्लिपा आवळतो, झालं काम. बाहेरून एकदम फिट्ट. पण पाण्यासाठी बनवलेलं ते रबर पेट्रोल-डिझेलने फुगतं, मऊ पडतं आणि मग घाटाच्या वळणावर वास यायला लागतो. डिझेल असेल तर निदान वासावर भागतं, पेट्रोलवाल्याने काय करायचं? फ्युएल होज वेगळा मिळतो, थोडा महाग पडतो, तोच घाला ना.

ब्रीदरचं तर विचारूच नका. तेल भरताना आतली हवा बाहेर पडायला जी बारीक नळी असते ती नव्या बॉडीत दुमडते नाहीतर सरळ बुच मारून टाकतात, मग पंपावर नोझल सारखं खटकन बंद होतं आणि आपण तिथल्या पोराला बोलतो, त्या बिचाऱ्याचा काय दोष. झाकणाचंही तेच, बऱ्याच जुन्या गाड्यांत टाकीला हवा झाकणातूनच मिळते, तिथे बिनभोकाचं झाकण लावलं की टाकीत व्हॅक्यूम धरतो, चांगली चाललेली गाडी मान टाकते आणि लोक टाकीतून इंजिनाकडे तेल ओढणारा फीड पंप बदलत बसतात.

पाईप जुळत नाही म्हणून टाकीलाच वेल्डिंग लावणारे महाभागही आहेत. टाकी रिकामी केली म्हणजे झालं असं त्यांना वाटतं, अहो पण आत वाफ असते, पेट्रोलची रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट!

15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायला गाडी दाखवावी लागतेच, तेव्हा तपासणाऱ्या साहेबांनी खालून वाकून हा जोड बघावा. आणि बॉडी बनवणाऱ्यांना सांगणं एवढंच की फिलरचं भोक आधी पाडूच नका, टाकी बसल्यावर माप घेऊन गॅरेजवाला पाडेल.

– एक जीपवाला, चिपळूण