पागेसाहेब, वरकसावरच्या कलमांबद्दल

आदरणीय वि. स. पागेसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, आणि रोजगार हमीचा पहिला प्रयोगही तिकडचाच. दुष्काळी मुलखासाठी तुम्हाला सुचलेली, मागेल त्याला काम देणारी ही योजना. वर्षाला 3000 मिलिमीटर पावसाच्या कोकणाला ती काय देणार, असंच कुणालाही वाटलं असतं. म्हणून हे पत्र कोकणातल्या आंबा-काजूवाल्यांकडून.

सभापतीच्या खुर्चीतून सहसा योजना निघत नसतात. तुम्ही 1960 ते 1978 विधान परिषदेचे सभापती होतात आणि त्याच काळात ही एक गोष्ट धरून ठेवलीत. 1972 मध्ये योजना राज्यभर गेली, 1975 मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर आला, 1977 मध्ये कायदा झाला. 26 जानेवारी 1979 ला तो लागू झाला तेव्हा तुम्ही खुर्चीवर नव्हता. मुंबईच्या चाकरमान्याच्या पगारातून आज ‘पीटी’ म्हणून महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात. त्या कपातीची सुरुवात गावाकडच्या मजुरीसाठी झाली, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं योजना इकडे रुजली नाही. नवं काम काढायचं तर साधारण 50 मजूर हवेत. आमच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, तरणी माणसं मुंबईत. 50 जण आणायचे कुठून? गाठ सुटली 1990 मध्ये, फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली तेव्हा. तुम्ही गेलात तेही त्याच साली. आता काम प्रत्येकाच्या स्वतःच्या वरकसावर, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीवर आलं. ही जोडणी करणारे हात दुसऱ्यांचे, पण मागेल त्याला काम देण्याचं बंधन तुम्ही घातलेलं.

त्या कामाचा हिशेब असा. हापूस 10 बाय 10 मीटरवर, म्हणजे हेक्टरी 100 कलमं. खड्डा 1 मीटर लांब, रुंद, खोल; एका हेक्टरात 100 घनमीटर खोदाई, तीही बहुतेक जांभ्या दगडात. मजुरी मापावर असल्याने मापवहीत जांभ्याच्या जागी मऊ मुरूम पडला, की घाम तेवढाच आणि पैसे कमी. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यायचे, पावसाआधी माती, 4-5 घमेली शेणखत आणि अडीच किलो सुपर फॉस्फेट घालून भरायचे. काजूचं सोपं: 7 बाय 7 मीटर, हेक्टरी 200 च्या आसपास कलमं, खड्डा 60 सेंटिमीटरचा.

कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालची फूट वेळेवर खुडली नाही तर ती वरच्या हापूसला मारते आणि ज्यावर कलम बांधलं त्या खुंटाचा रायवळ, म्हणजे साधा गावठी आंबा, वाढतो. मोजणीत ते झाड जिवंतच धरलं जातं. फसगत कळते पाच-सहा वर्षांनी, मोहर धरून फळ लागल्यावर. निव्वळ हापूस लावणंही चुकतं, कारण त्याचं फळ स्वतःच्या परागावर नीट धरत नाही. रत्ना किंवा केसर शेकडा दहा तरी हवीत.

बाग मरते ती मात्र उन्हाळ्यात. पहिल्या वर्षी कलमाला आठवड्याला 30 लिटर पाणी लागतं. 100 कलमांना 3000 लिटर, आणि विहीर डोंगराच्या पायथ्याशी. भात झोडून झालं की गुरं मोकाट सुटतात, फेब्रुवारीपासून वणव्याचं भय. गडगा (दगडी कुंपण) आणि बागेभोवती 10-12 फूट साफ केलेला पट्टा नसेल तर केलेलं सगळं एका दुपारी जातं. अनुदान एकरकमी न देता तीन वर्षांत, कलमं जगतील तसं द्यायचं ठरलं, हे आम्हाला शहाणपणाचं वाटतं. पैसे उशिरा येतात ही तक्रार आहेच, पण नाहीतर खड्डे खणून मोकळे होणारे खूप झाले असते.

एक अडचण तुमच्या कायद्याच्या आवाक्यात कधीच नव्हती: सामाईक सातबारा. एका वरकसाला 20-25 नावं, निम्मी मुंबई-ठाण्यात, काही मयत आणि वारस तपास न झालेली. सगळ्यांचं संमतीपत्र मिळेपर्यंत लागवडीचा पाऊस निघून जातो. ज्यांच्या पोटहिश्शाची मोजणी झालेली असते त्यांचीच बाग पहिली उभी राहते.

या उतारांवर पूर्वी नाचणी, वरी नाहीतर नुसतं गवत असायचं. तिथे आता हापूसची नि वेंगुर्ला काजूची कलमं आहेत. त्यांच्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

आपले,
कोकणातले आंबा-काजू बागायतदार